संसदेच्या टपालात नागरिक

रोझ नजेरी नैरोबीत राहते. सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, दोन मुलांची आई आहे. मे २०२५मध्ये तिने एक साधी वेबसाइट बनवली. केनियाच्या संसदेपुढे त्या वर्षीचं वित्त विधेयक होतं आणि संसदेच्या अर्थ समितीने त्यावर जनतेकडून मतं मागवली होती. वित्त विधेयक वाचणं हे कुणाच्याच आवडीचं काम नसतं. जुन्या कायद्यातलं अमुक पोटकलम वगळावं, तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द घालावेत, अशा भाषेत ते लिहिलेलं असतं; मूळ कायदा शेजारी उघडून बसल्याशिवाय नेमकं काय बदलतंय ते कळत नाही. नजेरीने त्यातल्या जाचक तरतुदी वेगळ्या काढून लोकांपुढे ठेवल्या. कशामुळे महागाई वाढेल, कशामुळे करखात्याला नागरिकांच्या खासगी माहितीत डोकावायची मुभा मिळेल, हे तिथे वाचता येत होतं. वाचून पटलं तर एक बटण होतं. ते दाबलं की हरकतीचा ईमेल संसदेच्या सचिवालयाकडे जायची सोय झालेली.

३० मे रोजी, शुक्रवारी, पोलिसांनी तिला अटक केली. तिचा फोन, लॅपटॉप जप्त झाला. पुढे शनिवार-रविवार आणि सोमवारची जोडसुट्टी. रविवारी, १ जूनला, केनियाचा मदारका दिन होता. १९६३ साली त्या तारखेला केनियाला अंतर्गत स्वराज्य मिळालं, म्हणून हा राष्ट्रीय सण. तो तिने कोठडीत काढला. मंगळवारी तिला मिलिमानी न्यायालयात उभं करण्यात आलं. आरोप २०१८च्या संगणक गैरवापर व सायबर गुन्हे कायद्याखालचा होता: आपोआप ईमेल पाठवणारा प्रोग्रॅम लिहून तिने संसदेच्या अर्थ समितीच्या संगणक यंत्रणेत अनधिकृत हस्तक्षेप केला. तिच्या बाजूने माजी उपराष्ट्राध्यक्ष कालोंझो मुस्योका यांच्यासारखे ज्येष्ठ वकील उभे राहिले. एक लाख शिलिंगच्या जामिनावर ती सुटली. २० जूनला दंडाधिकारी जेफ्री ओन्सारिगो यांनी, या आरोपपत्रातून मुळात गुन्हाच दिसत नाही, असा निर्णय देऊन खटला निकालात काढला.

संसदेने मत मागवलं, नागरिकांनी ते पाठवलं आणि पाठवण्याची सोय करून देणारी बाई चार दिवस कोठडीत राहिली. ही घटना मला केनियापुरती वाटत नाही. समाजमाध्यमांवरच्या राजकारणाबद्दल आपण बोलतो तेव्हा ट्रेंड किती तास चालला, व्हिडिओ किती लाखांनी पाहिला, मैदानात किती गर्दी जमली, एवढंच मोजतो. सरकारं मात्र आणखी एका गोष्टीला घाबरतात. रागावलेला माणूस आपला राग नेमक्या कलमावर बोट ठेवून, लेखी, योग्य कार्यालयात पोचवायला शिकला, की त्याला टाळणं अवघड होतं. घोषणा हवेत विरते. लेखी हरकत दप्तरात राहते. केनियातल्या तरुणांनी २०२४ आणि २०२५मध्ये हे ज्या चिकाटीने केलं आणि त्यासाठी जे सोसलं, ते मराठी वाचकाने तपशिलात समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पत्रकापासून वेबसाइटपर्यंत

केनियातली ही रीत कालपरवाची नाही आणि तिच्या मुळाशी एक गोवेकर आहे. पियो गामा पिंटो यांचा जन्म १९२७ साली नैरोबीत, गोव्यातून तिथे गेलेल्या कुटुंबात झाला. शिक्षण भारतात. मुंबईत असताना ते गोवामुक्तीच्या चळवळीत शिरले. १९४९ साली केनियात परतल्यावर वसाहतवादविरोधी वृत्तपत्रांत त्यांनी संपादन केलं, कामगार संघटनांची पत्रकं लिहिली, ब्रिटिशांविरुद्धच्या माउ माउ लढ्यातल्या माणसांना मदत केली. ब्रिटिशांनी त्यांना १९५४मध्ये पकडलं आणि काही वर्षं स्थानबद्ध ठेवलं. स्वातंत्र्यानंतर ते खासदार झाले, पण गप्प बसले नाहीत. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांच्या घराच्या फाटकाशी, गाडीत लेकीच्या देखत, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ३७ वर्षांचं वय. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या मानली जाते. त्यांचं हत्यार छापलेलं पान होतं.

पानाची जागा पडद्याने घेतली तीही केनियात लवकर. २००५ साली ओरी ओकोल्लो या तरुण वकील महिलेने एका सहकाऱ्यासोबत ‘मझालेंडो’ ही वेबसाइट सुरू केली. संसदेच्या अधिकृत वेबसाइटवर खासदारांची माहिती झळकली, काही खासदारांना ते रुचलं नाही आणि साइटच बंद झाली, हे त्यामागचं निमित्त. सरकार सांगत नसेल तर आपण सांगू, असं म्हणून या दोघांनी खासदार काय बोलतात, कोणती विधेयकं येतात, याची नोंद ठेवायला घेतली. डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर देशात वांशिक हिंसाचार उसळला. हजाराहून अधिक माणसं मेली, लाखो बेघर झाली, थेट प्रक्षेपणावर बंदी आली. तेव्हा ओकोल्लो आणि काही तंत्रज्ञांनी थोड्याच दिवसांत ‘उशाहिदी’ उभं केलं. आपल्या भागात काय घडतंय ते लोकांनी एसएमएसने किंवा वेबवरून कळवायचं आणि ते नकाशावर उमटायचं. हेच सॉफ्टवेअर पुढे २०१०मध्ये हैतीच्या भूकंपात मदतकार्याला वापरलं गेलं. त्याच हिंसाचाराची छायाचित्रं काढणारा बोनिफेस म्वांगी हा तरुण पुढे छायाचित्रकाराचा कार्यकर्ता झाला. १ जून २००९ला, मदारका दिनाच्याच समारंभात, त्याने भर स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्षांचं भाषण चालू असताना उभं राहून निषेध केला आणि मार खाल्ला.

२७ ऑगस्ट २०१०ला केनियात नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या अनुच्छेद १०मध्ये लोकसहभाग हे राष्ट्रीय मूल्य म्हणून नोंदलं आहे. अनुच्छेद ३७ निदर्शनांचा आणि अधिकाऱ्यांकडे अर्ज-विनंत्या करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ११८ संसदेवर जबाबदारी टाकतो, की कायदे करताना लोकांचा सहभाग घडवून आणलाच पाहिजे. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत अनुच्छेद २०१ हेच पुन्हा बजावतो. म्हणजे केनियातल्या नागरिकाने विधेयकावर मत देणं ही सरकारची मेहेरबानी नाही. ज्या पिढीने ही राज्यघटना शाळेत शिकली, तिने ती खरी मानली. २०१९च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या पावणेपाच कोटींच्या आसपास होती आणि तिच्यातले सुमारे तीन चतुर्थांश लोक पस्तिशीच्या आतले होते. यापुढची गोष्ट त्यांची आहे.

विधेयक वाचणारी पिढी

मे २०२४मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम रूटो यांच्या सरकारने त्या वर्षीचं वित्त विधेयक आणलं. कर्जाचे हप्ते फेडायला सरकारला सुमारे ३४६ अब्ज शिलिंग जादा हवे होते. त्यासाठी पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर, खाद्यतेलावर २५ टक्के अबकारी, प्रत्येक मोटारीच्या किमतीवर दरसाल अडीच टक्के कर, मोबाइलवरून पैसे पाठवण्यावरच्या शुल्कात वाढ आणि एक पर्यावरण अधिभार सुचवला होता. या अधिभारामुळे सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर महागतील, अशी धास्ती होती. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा २००७पासून आहे; भाजीवाल्यापासून घरभाड्यापर्यंत सगळं फोनवरून चालतं. फोनवरून पैसे पाठवणं महाग झालं की त्याची झळ सगळ्यांत आधी गरिबाला लागते.

दर वर्षी असे कर येत आणि कुरकुर करून लोक भरत. या वेळी तरुणांनी विधेयकच हातात घेतलं. एक्स, टिकटॉक, इन्स्टाग्रामवर त्याची कलमं उलगडून सांगणारे छोटे व्हिडिओ यायला लागले. कुणी इंग्रजीत, कुणी स्वाहिलीत, कुणी किकुयू, लुओ, कालेंजिन भाषांत. कुणी नैरोबीच्या पोरांच्या शेंग बोलीत. कुणी खुणांच्या भाषेत, कर्णबधिरांसाठी. केल्विन ओन्कुंडी या डेव्हलपरने ‘फायनान्स बिल जीपीटी’ नावाचं साधन बनवलं. त्याला प्रश्न विचारला की ते विधेयकातलं उत्तर शोधून द्यायचं. एक्सवरच्या ध्वनिसभांमध्ये हजारो माणसं रात्री उशिरापर्यंत बसून करांवर बोलत होती. वकील कायदा समजावत होते, डॉक्टर अश्रुधुरावर काय उपाय करायचा ते सांगत होते, अटक झाल्यास कुणाला फोन करायचा त्याच्या याद्या फिरत होत्या.

यातली मोठी गोष्ट मला भाषांतराची वाटते. केनियात निवडणुका वर्षानुवर्षं जमातींच्या गणितावर लढवल्या गेल्या. अमुक जमातीचा नेता अमुक आघाडीत, म्हणून ती मतं तिकडे. या मुलांनी एकच मजकूर वेगवेगळ्या जमातींच्या भाषांत नेला आणि पावाचा भाव सगळ्यांना सारखाच आहे हे दाखवून दिलं. आम्हाला जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही, असं ती मुलं ठासून सांगत होती. ज्या देशाने २००७ पाहिलं आहे, त्या देशात हे बोलायला धैर्य लागतं.

खासदारांचे फोन नंबर जाहीर झाले आणि त्यांच्या फोनवर संदेशांचा पूर आला. यातलं काही मर्यादेबाहेर गेलं. खासदाराच्या खासगी आयुष्यात शिरणं आणि त्याला मत कळवणं यांत फरक आहे आणि तो चळवळीने पाळायला हवा. पण मतदाराने आपल्या प्रतिनिधीला ‘या विधेयकाच्या विरोधात मत द्या’ असं कळवण्यात गैर काही नाही. प्रतिनिधी असतो तो त्यासाठीच.

१८ जूनला नैरोबीत पहिला मोठा मोर्चा निघाला आणि दोनशेहून अधिक जणांना अटक झाली. त्याच दिवशी सरकारने पावावरचा आणि मोटारींवरचा कर मागे घेतला. बाकीचं विधेयक मात्र २० जूनला २०४ विरुद्ध ११५ मतांनी पुढे सरकलं. त्या संध्याकाळी रेक्स मसाई हा २९ वर्षांचा तरुण नैरोबीत गोळी लागून मेला. २५ जूनला विधेयक १९५ विरुद्ध १०६ मतांनी मंजूर झालं. मतदान उरकतं न उरकतं तोच निदर्शक कडं मोडून संसदेच्या आवारात शिरले, इमारतीच्या एका भागाला आग लागली, पोलिसांनी गोळीबार केला. इंटरनेट अडखळत होतं. दुसऱ्या दिवशी रूटो यांनी जाहीर केलं, की या विधेयकावर मी सही करणार नाही.

५ जुलैला राष्ट्राध्यक्ष स्वतः एक्सवरच्या ध्वनिसभेत आले. तरुणांनी त्यांना तोंडावर मृतांबद्दल विचारलं, भ्रष्टाचाराबद्दल विचारलं. ११ जुलैला जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ बरखास्त झालं. दरम्यान हनिफा अदान या तरुण पत्रकार-कार्यकर्तीने जखमी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी ऑनलाइन मदत गोळा केली. काही दिवसांत सुमारे तीन कोटी शिलिंग जमले. पैसे कुठे गेले, किती कुणाला दिले, याचा हिशेब तिने समाजमाध्यमांवर सगळ्यांसमोर मांडला. सरकारकडून हिशेब मागणाऱ्या पिढीने आपलाही हिशेब उघडा ठेवला. मला तिच्या कामातला हा भाग गोळा झालेल्या रकमेपेक्षा मोलाचा वाटतो.

मोजलेली किंमत

केनियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १ जुलै २०२४ला आकडा दिला: ३९ मृत, ३६१ जखमी. पुढच्या आठवड्यांत तो वाढत गेला. मग माणसं नाहीशी व्हायला लागली. बिननंबरच्या गाड्या, तोंड झाकलेले लोक, आणि समाजमाध्यमांवर लिहिणारा एखादा मुलगा गायब. डिसेंबरपर्यंत आयोगाने जूनपासूनच्या अशा ८२ अपहरणांची नोंद केली होती. नाताळच्या आदल्या दिवशी ‘किबेट बुल’ या नावाने राष्ट्राध्यक्षांची काळ्या छायाकृतींतली व्यंगचित्रं काढणारा चित्रकार गायब झाला. तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतला. काही जण परतलेच नाहीत.

जून २०२५मध्ये अल्बर्ट ओज्वांगची पाळी आली. हा ३१ वर्षांचा शिक्षक, समाजमाध्यमांवर लिहायचा. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याबद्दलच्या मजकुरावरून ७ जूनला त्याला होमा बे इथल्या घरून उचललं आणि शेकडो किलोमीटर दूर नैरोबीला नेलं. दुसऱ्या दिवशी तो पोलीस कोठडीत मेल्याची बातमी आली. त्याने स्वतःच भिंतीवर डोकं आपटून घेतलं, असं पोलिसांनी सांगितलं. शवविच्छेदनात डोक्याला मार, मान दाबल्याच्या खुणा आणि अंगभर इजा आढळल्या. या जखमा स्वतः करून घेतलेल्या वाटत नाहीत, असं वैद्यकीय मत आलं. नजेरीचा खटला याच जून महिन्यातला. २५ जूनला, संसदेसमोरच्या गोळीबाराच्या वर्षदिनी, लोक पुन्हा रस्त्यावर आले आणि पुन्हा माणसं मेली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ‘घरी बसून बटणं दाबणारी पोरं’ असं म्हणून या पिढीला हिणवणं आपल्याकडेही चालतं. बटण दाबणं जिथे फुकट असतं तिथे ते हलकं असेलही. जिथे बटण बनवणाऱ्याला अटक होते आणि लिहिणारा कोठडीत मरतो, तिथे ते हलकं नसतं.

आणि यातून मिळालं काय, हेही तपासून पाहायला हवं. २०२४चं विधेयक गेलं, पण त्यातल्या काही तरतुदी डिसेंबरमध्ये दुसऱ्या करदुरुस्ती कायद्यातून परत आल्या. मंत्रिमंडळ गेलं, पण नव्या मंत्रिमंडळात विरोधी पक्षाची माणसं बसली आणि संसदेतला विरोध आणखी क्षीण झाला. नेता नसल्याने चळवळ कुणाला विकत घेता आली नाही. त्याच कारणाने वाटाघाटीला बसून लेखी करार करून घेणारंही कुणी नव्हतं. पण २०२५च्या विधेयकाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. करखात्याला खासगी माहिती खुली करणारी जी तरतूद नजेरीच्या वेबसाइटवर होती, ती हरकतींनंतर अर्थ समितीनेच फेटाळली. संसदेला आग लागल्याने जे झालं ते झालं; पुढच्या वर्षी एक कलम गळालं, त्यात त्या लेखी हरकतींचा वाटा आहे.

आपल्याकडची टपालपेटी

नजेरीच्या अटकेची बातमी वाचली तेव्हा मला लगेच जुलै २०२० आठवला.

केंद्र सरकारने त्या वर्षी पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आणला होता. धरण, खाण, बंदर, कारखाना उभा राहण्याआधी गावकऱ्यांची जनसुनावणी कशी घ्यायची, ते हे नियम ठरवतात. डहाणूच्या वाढवण बंदरासारख्या प्रकल्पांची सुनावणी ज्या २००६च्या अधिसूचनेखाली होते, तिच्या जागी हा मसुदा येणार होता. त्यात लोकांना मत द्यायची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणायचं सुचवलं होतं. मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि देश टाळेबंदीत होता.

‘फ्रायडेज फॉर फ्युचर इंडिया’ या तरुणांच्या गटाने आपल्या वेबसाइटवरून पर्यावरणमंत्र्यांना ईमेल पाठवायची सोय केली. ईमेलचा पाऊस पडला. मग दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेची नोटीस निघाली आणि वेबसाइट बंद पडली. त्या नोटिशीत बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे दहशतवादाविरुद्धच्या कायद्याचा, उल्लेख होता. ओरड झाल्यावर पोलिसांनी तो उल्लेख चुकून झाल्याचं सांगितलं आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दुसरी नोटीस काढली. काही दिवसांनी साइट पुन्हा सुरू झाली. अखेरीस त्या मसुद्यावर १७ लाखांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या.

नैरोबी आणि दिल्ली यांच्यामध्ये हिंद महासागर आहे, पण तक्रार तीच: तुमच्या ईमेलनी आमची पेटी भरून गेली. सरकारने पेटी ठेवली, लोकांनी ती भरली, यात गुन्हा काय?

भाषेचाही मुद्दा तोच. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. ज्या मच्छीमाराच्या किनाऱ्यावर बंदर येणार, ज्या शेतकऱ्याच्या बांधावर खाण येणार, त्याला तो मराठीत, कोकणीत, ओडियात कळायला नको का? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२०ला आदेश दिला, की मसुद्याचं आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करा आणि मुदतही ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. केंद्राने भाषांतराच्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. भाषांतराचं काम इथेही कार्यकर्त्यांनीच अंगावर घेतलं.

फेब्रुवारी २०२१मध्ये ‘फ्रायडेज फॉर फ्युचर’ गटातल्याच २२ वर्षांच्या दिशा रवीला बंगळुरूत अटक झाली. निमित्त होतं शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या एका ऑनलाइन ‘टूलकिट’चं. त्या प्रकरणात मुंबईतली एक वकील आणि बीडचा एक तरुण अभियंता यांनाही मुंबई उच्च न्यायालयाकडे, त्यातल्या एकाला औरंगाबाद खंडपीठाकडे, धाव घेऊन अटकेपासून तात्पुरतं संरक्षण मिळवावं लागलं. दिशाला २३ फेब्रुवारीला दिल्लीत न्यायाधीश धर्मेंदर राणा यांनी जामीन दिला. सरकारशी असहमत आहेत एवढ्यावरून नागरिकांना तुरुंगात डांबता येत नाही, हा त्या आदेशाचा गाभा होता.

लेखी हरकतींनी बाजी पलटल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. मार्च २०१५मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेट कंपन्यांवर नियंत्रण हवं का, असं विचारणारी ११८ पानांची सल्लापत्रिका काढली. शेवटी २० प्रश्न. काही तरुण वकील, पत्रकार आणि तंत्रज्ञांनी ती फोड करून समजावली, उत्तरांचा नमुना तयार केला आणि एका वेबसाइटवरून तो पाठवायची सोय केली. दोन आठवड्यांत दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले. ट्रायने ते सगळे जाहीर केले आणि त्यात लोकांचे ईमेल-पत्तेही उघडे टाकले, ही मात्र गंभीर हेळसांड होती. पण ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळा डेटा-दर लावायला बंदी घातली. या देशात लोकांच्या ईमेलनी धोरण वळवलं, हे नोंदून ठेवायला हवं.

महाराष्ट्रातही हे घडतं. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा रहिवाशांनी आपापल्या गल्लीचे नकाशे तपासले. जुन्या वास्तूंवरून गेलेले रस्ते, चुकीची आरक्षणं त्यांनी शोधून काढली आणि हजारो हरकती महापालिकेकडे गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने तयार करायला सांगितला. अलीकडचं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं. संयुक्त चिकित्सा समितीकडे १२ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. समितीने मोजके बदल सुचवले आणि १० जुलै २०२५ला विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्या १२ हजार माणसांना काय उत्तर मिळालं? कोणती सूचना का घेतली, कोणती का नाकारली, हे त्यांना कुणी कळवलं?

उत्तर देण्याची सक्ती

माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. मत पोचवण्याचं काम तरुणांनी सोडवलं आहे. विधेयक सोपं करून सांगणं, बोलीभाषेत नेणं, पत्ता शोधणं, मजकूर तयार करणं, हे सगळं नैरोबीची एक डेव्हलपर काही दिवसांत करू शकते, तसं बीडचा, कुडाळचा, फोंड्याचा कुणीही करू शकतो. पुढचा टप्पा सरकारच्या हातात आहे आणि तो रिकामा आहे.

केनियातल्या न्यायालयांत हाच वाद झडला. ३१ जुलै २०२४ला तिथल्या अपील न्यायालयाने २०२३चा वित्त कायदाच रद्द केला. लोकांची मतं मागवल्यावर ती का स्वीकारली किंवा का नाकारली याची कारणं संसदेने द्यायला हवीत, हे त्यातलं एक कारण होतं. २९ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि लेखी कारणं देण्याचं कायदेशीर बंधन संसदेवर नाही असं म्हटलं. मात्र लोकसहभागासाठी रीतसर कायदा हवा, हे त्या न्यायालयालाही वाटलं.

आपल्याकडे तर घटनेत लोकसहभागाचं तेवढंही बंधन नाही. केंद्र सरकारने २०१४ साली ठरवलं, की कायद्याचा मसुदा संसदेत नेण्याआधी किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवावा. हे धोरण आहे, कायदा नाही, आणि ते पाळलं नाही तर कुणाला जाब विचारता येत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात ‘हरकती व सूचना’ मागवणारी जाहिरात येते. तिच्यात मुदत असते, पत्ता असतो, कार्यालयाची वेळ असते. हरकत पाठवणाऱ्याला उत्तर कधी मिळेल, हे तिच्यात नसतं. जे उत्तर देण्याचं कुणावर बंधन नाही, ते येतही नाही, आणि मग लोक लिहायचे थांबतात. लोक लिहायचे थांबले की रस्ता उरतो, आणि रस्त्यावर काय होतं ते नैरोबीने पाहिलं आहे.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. महाराष्ट्रात कोणतंही विधेयक, आराखडा किंवा नियमांचा मसुदा सरकारने जनतेपुढे ठेवला तर तो सोप्या मराठीत ठेवावा. आलेल्या हरकतींची संख्या आणि मुद्दे, माणसांची खासगी माहिती झाकून, जाहीर करावेत. प्रत्येक मुद्द्यावर घेतला की नाकारला आणि का, हे सभागृहात मतदान होण्याआधी लेखी प्रसिद्ध करावं. हरकत पाठवणं किंवा पाठवायला मदत करणं हा गुन्हा ठरणार नाही, असं कायद्यातच लिहावं. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ साली केला होता. उत्तराच्या अधिकाराचा पहिला कायदा या राज्याने करावा. तो करा असं आपल्या आमदाराला कळवायला वेबसाइटसुद्धा लागत नाही. एक पत्र पुरतं, आणि ते पाठवल्याची पोच मागून घ्यावी.